स्वरलिपी पाहून थेट गायला शिकवताना: ऑनलाइन साधनं कधी आणि कशी वापरावीत

शाळेच्या वृंदगानाची तयारी बहुतेक ठिकाणी अशी चालते: बाई किंवा सर गाणं रेकॉर्ड करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात, सोबत स्वरलिपीच्या पानाचा फोटो असतो, आणि मुलं पान बाजूला ठेवून रेकॉर्डिंग ऐकून चाल पाठ करतात. १५ ऑगस्टपुरतं गाणं बसतं. २६ जानेवारीचं नवं गाणं आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वर्षभर फोन वापरूनही मुलांना पान वाचता येत नाही, कारण वाचायची गरजच त्यांना कधी पडलेली नसते.

खाली दिलेल्या सगळ्या टप्प्यांचा पाया एकच नियम आहे: आधी मुलाचा आवाज, मग साधनाचा. तानपुऱ्याचा सा आणि लयीचा ठोका एवढंच गाण्याआधी ऐकवायचं. चाल वाजवून दाखवणारं कोणतंही साधन मूल गाऊन झाल्यानंतर, तपासणीसाठी उघडायचं. हा क्रम उलटला की ते अनुकरण होतं, वाचन राहत नाही.

## सुरू करण्याआधी

लिपी एकच ठरवा. सांगली-मिरजेकडे संगीताच्या परीक्षा देणाऱ्या मुलांनी भातखंडे आणि पलुसकर या दोन्ही लिप्या पाहिलेल्या असतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचं टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक. पलुसकर पद्धतीत तेच टिंब म्हणजे मंद्र (खालचं) सप्तक. एका पानावर दोन्ही आल्या की चांगलं वाचणारं मूलही अडखळतं. या लेखात सगळीकडे भातखंडे लिपी धरली आहे.

पट्टी, म्हणजे सा कोणत्या सुरावर धरायचा ते, ठरवा. पाचवी ते आठवीच्या मुलांना मध्य सप्तकातल्या सरावासाठी पेटीवरची पांढरी एक ते काळी दोन यांपैकी कोणतीही पट्टी चालते. तार सा आरामात लागतो आणि खालचे स्वरही पोकळ होत नाहीत. आवाज फुटायला लागलेल्या मुलांना एक सप्तक खाली गाऊ द्या आणि त्यांच्या ओळी सा ते प यांच्या आतच ठेवा. ठरवलेली पट्टी निदान महिनाभर बदलू नका.

फोनची यादी करा. जत, आटपाडी, शिराळ्याकडच्या बऱ्याच घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि दिवसभर तो वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जातो. दुपारी चारचा ऑनलाइन वर्ग अशा मुलांसाठी नसल्यातच जमा. प्रत्येक मुलापुढे तीन गोष्टी लिहा: फोन घरी किती वाजता येतो, रेंज घरात मिळते की अंगणात, आणि तारेचा हेडफोन आहे का. वर्गाची वेळ या यादीवरून ठरू द्या. ब्लूटूथ हेडफोन शक्यतो नकोत. त्यात आवाज उशिरा पोहोचतो आणि लयीचा सराव वाया जातो.

मुलं आज कुठे आहेत ते पाहा. प्रत्येकाला एकट्याला बोलवा, सा द्या आणि कधी न पाहिलेली आठ मात्रांची (तालाच्या ठोक्यांची) ओळ ३० सेकंद पाहून गायला सांगा. मुलामागे दोन-तीन मिनिटं पुरतात. कुठे अडलं एवढंच टिपा: लय, स्वर की चिन्हं. ही नोंद जपून ठेवा, दोन महिन्यांनी लागेल.

## टप्पा १: ओळींचा साठा तयार करा

ओळखीच्या गाण्यांच्या ओळी सरावाला घेऊ नका. पहिले तीन स्वर वाचले की चाल आठवते आणि डोळे पानावरून उठतात. ओळी स्वतः रचा आणि एक ओळ तीनदा वापरून झाली की ती बाद करा.

गुगल शीटमध्ये एका मात्रेला एक रकाना द्या. केरवा तालासाठी आठ रकाने, तीनतालासाठी सोळा. पहिल्या ओळीत मात्रांचे आकडे, दुसरीत समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) खूण × आणि खालीची (टाळी न देण्याच्या मात्रेची) ०, तिसरीत स्वर. चौथी ओळ शब्दांसाठी रिकामी ठेवा, पण शब्द खूप नंतर. विभागाच्या शेवटी जाड उभी रेघ द्या. अक्षर मोठं, निदान २४चं असू द्या. मुलांना शीटची लिंक पाठवू नका, तिचा आडवा फोटो पाठवा. लहान पडद्यावर रकाने सरकतात आणि सम कुठे आहे ते दिसेनासं होतं.

फोनवर चिन्हं टाइप करताना हे लक्षात घ्या:

- कोमल (उतरत्या) स्वराला अधोरेखा द्या. अधोरेखा दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नका.
- तार सप्तकासाठी अनुस्वार: सां, रें, गं.
- मंद्रासाठी नुक्ता: प़, ध़. मंद्र नि लिहिताना आधी न, मग नुक्ता, मग वेलांटी. वेलांटी आधी दिली तर पुष्कळ फोनवर टिंबाऐवजी तुटक गोल दिसतो.
- तीव्र मध्यमासाठी (चढ्या म साठी) उभ्या रेघेचं चिन्ह: म॑. ते शोधायला वेळ लागतो, म्हणून एकदा मिळालं की शीटच्या कोपऱ्यात ठेवा आणि तिथून उचला.
- एका मात्रेत दोन स्वर असतील तर हाताने लिहिताना खाली कंस काढतो. शीटमध्ये तो जमत नाही. दोन्ही स्वर एकाच चौकटीत लिहा आणि एक चौकट म्हणजे एक मात्रा हे मुलांना आधीच सांगा.

टायपिंग जड जात असेल तर चौकटीच्या वहीत हाताने लिहून फोटो काढा. त्यात काही कमी नाही, फक्त प्रत्येक चौकटीत एकच मात्रा हे पाळा.

ओळींची चढण अशी ठेवा: आधी फक्त सा रे ग. मग प. मग ध आणि सां, म्हणजे भूप रागाचे पाच स्वर पूर्ण होतात. त्यानंतर म, मग नि, आणि कोमल स्वर सगळ्यात शेवटी. मध्यम मुद्दाम उशिरा घेतला आहे. तो ग आणि प यांच्या मध्ये असतो, आणि हे दोन पक्के नसले की मुलाचा म यांपैकी एकात घसरतो. प्रत्येक पायरीला १०-१२ ओळी हाताशी असू द्या.

तपासा: ओळ फोटो म्हणून स्वतःच्या फोनवर उघडा आणि हातभर अंतरावरून वाचा. टिंबं दिसली नाहीत तर मुलांनाही दिसणार नाहीत.

## टप्पा २: आधी लय, स्वर नंतर

पहिले आठ-दहा दिवस गाणं नाही. मिनिटाला ६० ठोक्यांवर मेट्रोनोम लावा. कोणतंही मोफत ॲप चालेल. मुलांनी हाताने ताल धरायचा, समेवर टाळी, खालीवर हात उघडा, आणि स्वरांची नावं नुसती बोलायची, सूर न लावता.

सगळ्यांत जास्त चूक आडव्या रेघेवर होते. ‘प –’ हे दोन मात्रांचं आहे, पण मूल प म्हणून थांबतं आणि दुसरी मात्रा संपायच्या आत पुढच्या स्वरावर उडी मारतं. बोलताना ‘पऽअ’ असं स्वर ओढून म्हणायला लावा म्हणजे दुसरी मात्रा कानाला कळते.

मेट्रोनोम कायम चालू ठेवू नका. चार आवर्तनं (तालाच्या पूर्ण फेऱ्या) चालू, मग आवाज बंद करून दोन आवर्तनं मुलांनी स्वतः धरायची, मग पुन्हा चालू. मुलं समेवर भेटली तर लय त्यांची झाली.

इशारा: ठोका चुकला म्हणून मधेच थांबवू नका. थांबून मागे जायची सवय या टप्प्यावर लागली की पुढे मोडता मोडत नाही.

## टप्पा ३: सा पक्का करणं

तानपुऱ्याचं ॲप लागेल. अँड्रॉइडवर तानपुरा ड्रॉइड मोफत मिळतं. आयतब्लाप्रोसाठी पैसे पडतात, पण त्यात तालही मिळतो. फोनच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज (खालचा सा) जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून हेडफोन किंवा बाहेरचा स्पीकर जोडा. शाळेत खरा तानपुरा असेल तर वर्गात तोच लावा आणि घरचं ॲप त्याच पट्टीला, सुरासूर मिळवून द्या.

रोज पाच मिनिटांचा सराव असा: सा धरा. मग ‘सा रे सा’, ‘सा ग सा’, ‘सा प सा’, दर वेळी सा वर परत. मग मधला स्वर मनात: सा मोठ्याने, रे मनातल्या मनात, ग मोठ्याने. हा मनातला स्वर म्हणजे पाहून गाण्याची खरी तयारी, आणि तो कोणतंही ॲप करून देत नाही. शेवटी तानपुरा बंद करून एक ओळ गायची आणि पुन्हा चालू करायचा. सा उतरला असेल तर मुलाला स्वतःलाच कळतं.

सूर पडद्यावर दाखवणारी ॲप, उदाहरणार्थ व्होकल पिच मॉनिटर, या टप्प्यावर उपयोगी पडतात, पण ती समजून वापरा. त्यांची मोजपट्टी पियानोची, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर (अर्धस्वर) सगळीकडे सारखं, १०० सेंटचं. तानपुऱ्याशी तंतोतंत मिळालेला शुद्ध गंधार या पट्टीवर १४ सेंट खाली दिसतो, शुद्ध धैवत १६ आणि शुद्ध निषाद १२ सेंट खाली. सुरेल ग लावणाऱ्या मुलाला ॲप पाहून ‘चढव’ म्हणालात तर त्याचा कान बिघडवाल. हे ॲप दोनच गोष्टींसाठी ठेवा: सा डळमळतो का, आणि लांबवलेला स्वर शेवटी खाली येतो का. आवाज फुटलेल्या मुलाची रेघ एक सप्तक खाली दिसते, ती चूक नव्हे.

## टप्पा ४: नवी ओळ वाचायची पद्धत

नवी ओळ समोर आली की लगेच तोंड उघडायचं नाही. ३० सेकंद पाहायचं, आणि पाहायचा क्रम ठरलेला:

1. ताल कोणता, सम कुठे, किती आवर्तनं.
2. पहिला स्वर कोणता आणि शेवटचा कोणता.
3. सगळ्यांत मोठी उडी कुठे आहे.
4. एखादा तुकडा पुन्हा आलाय का.
5. बोटांवर मात्रा मोजत पूर्ण ओळ मनात.

मग सा द्या, चार मात्रा मोजा, आणि ओळ शेवटपर्यंत न थांबता. स्वर चुकला तरी पुढच्या समेवर पोहोचायचंच. दुरुस्ती ओळ संपल्यावर.

नमुन्यासाठी मध्यमाच्या पायरीवरची ही ओळ घ्या, केरव्याची दोन आवर्तनं:

सा ग रे ग | प – ग रे
ग प म ग | रे – सा –

ही तीन ठिकाणी मोडते. पहिलं ठिकाण पाचव्या मात्रेचा प: तो तोडला जातो आणि ग सातव्याऐवजी सहाव्या मात्रेवर येतो. इथे दोष लयीचा आहे, टप्पा २ कच्चा आहे. दुसरं म्हणजे दुसऱ्या आवर्तनातला म. आधीच्या आवर्तनात प नंतर ग ऐकलेला असतो, त्यामुळे मूल सवयीने तिथेच उतरतं. त्याला ‘प म प म ग’ एवढंच पाच-सहा वेळा गायला द्या, अख्खी ओळ नाही. तिसरं ठिकाण शेवट. सा लागला की संपलं असं वाटून आठवी मात्रा गिळली जाते आणि पुढच्या आवर्तनाची सम आधीच येते.

असं वेगळं करून पाहिलं तरच काय शिकवायचं ते कळतं. ‘पुन्हा म्हण’ म्हणून दहादा गाऊन घेतलं की ओळ पाठ होते आणि चूक पुढच्या ओळीत तशीच जाते.

आता साधन उघडा. क्रोम म्युझिक लॅबमधला साँग मेकर ब्राउझरमध्ये मोफत चालतो. सेटिंगमध्ये ४ बार आणि प्रत्येकी ४ बीट ठेवले की १६ मात्रा मिळतात, म्हणजे केरव्याची दोन आवर्तनं. प्रत्येक बीटचे दोन भाग केलेले असतात, म्हणून एक मात्रा म्हणजे दोन चौकटी. भूपाच्या स्वरांसाठी पेंटॅटॉनिक निवडा, म आणि नि आल्यावर मेजर, कोमल स्वर आल्यावर क्रोमॅटिक. सुरुवातीचा स्वरही तुमच्या पट्टीचा ठेवता येतो. मुलाने ओळ गाऊन झाल्यावर चौकटी स्वतः भरायच्या, मग वाजवायचं आणि आपण कुठे वेगळं गायलो ते पानावर पेन्सिलने खुणावायचं. लांबवलेला स्वर तिथे नीट दाखवता येत नाही, म्हणून त्याचा उपयोग स्वर तपासण्यापुरताच.

इशारा: मूल आधी चौकटी भरून, ऐकून मग गात असेल तर तो सराव धरू नका. हे ओळखणं सोपं आहे: अशा मुलाला त्याच पायरीवरची कोरी ओळ दिली की पहिल्या आवर्तनातच थांबतं.

## टप्पा ५: ऑनलाइन वर्ग

इंटरनेटवर आवाज पोहोचायला लागणारा वेळ प्रत्येक घरी वेगळा असतो. त्यामुळे झूम किंवा मीटवर सगळ्यांनी एकत्र गाणं शक्य नाही. ते जमवण्यात वेळ घालवू नका. वर्ग असा घ्या: तुम्ही ओळ पडद्यावर दाखवा, सा द्या, चार मात्रा मोजा. सगळे आपला माइक बंद ठेवून गातील, एकाचाच माइक चालू राहील. पुढची ओळ, पुढचं मूल. कोणाचा माइक चालू करणार ते गाणं सुरू व्हायच्या क्षणापर्यंत सांगायचं नाही, म्हणजे सगळे वाचतात.

वर्गात एक-दोन कानाने तयार मुलं असतात आणि बाकीची त्यांच्या क्षणभर मागून गातात. समोरासमोर हे लपून जातं. एकेकाचा माइक चालू ठेवला की लगेच उघडं पडतं. माझ्या मते ऑनलाइन वर्गाचा सगळ्यांत मोठा फायदा हाच.

लांबवलेला स्वर झूम गोंगाट समजून कापतो. ऑडिओच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा, आणि वर्ग सुरू झाल्यावर पडद्यावरही ते चालू आहे ना ते पाहा. मीटमध्ये नॉइज कॅन्सलेशन बंद करा. हे गाणाऱ्या मुलाच्या फोनवर करायचं असतं, नुसतं तुमच्याकडे करून भागत नाही. तानपुऱ्याचा अखंड नाद कॉलवरून पाठवू नका, तो तुटत तुटत पोहोचतो. प्रत्येकाने आपल्या घरी लावावा.

आठ मुलांचा गट आणि ३० मिनिटं पुरेत. झूमच्या मोफत खात्यावर ४० मिनिटांची मर्यादा आहेच. रेंज गेली तर मुलाने परत यायची धडपड करू नये. त्याच दिवशीची ओळ पुढच्या टप्प्याप्रमाणे पाठवावी.

## टप्पा ६: घरचं वाचन, एकाच प्रयत्नात

ठरलेल्या वेळी ओळीचा फोटो प्रत्येकाला वैयक्तिक पाठवा, ग्रुपवर नाही. ग्रुपवर पहिल्या मुलाची व्हॉइस नोट आली की बाकीचे तीच ऐकून गातात.

फोटो पाहणं आणि रेकॉर्ड करणं एकाच फोनवर जमत नाही, म्हणून मुलाने ओळ न गुणगुणता वहीत उतरवून घ्यायची. उतरवणं हेच त्याचं ३० सेकंदांचं पाहणं. मग तानपुऱ्यावरून सा घ्यायचा, ॲप बंद करायचं (बऱ्याच फोनवर रेकॉर्डिंग सुरू होताच ते आपोआप थांबतं), नाव आणि ओळीचा क्रमांक सांगायचा, चार मात्रा मोजायच्या आणि गायचं. शेवटी पाच सेकंद सा धरून ठेवायचा. फोटो पोहोचल्यापासून दहा मिनिटांत नोट यायला हवी.

उत्तर देताना तीनच गोष्टी सांगा: लय टिकली का, पहिली चूक कितव्या मात्रेवर झाली, आणि शेवटचा सा पट्टीवर आहे का. पहिल्या चुकीनंतरच्या चुका बहुतेक तिच्यातूनच आलेल्या असतात, त्या मोजत बसू नका. सांगितलेलं लेखी पाठवा. तुम्ही गाऊन दाखवलंत तर मूल पुन्हा तुमच्या आवाजावर अवलंबून राहील.

तपासा: आठवड्यातून एकदा शनिवारच्या सकाळच्या शाळेत तीन मुलांकडून कोरी ओळ समोरासमोर वाचून घ्या. घरची नोट उत्तम आणि समोर अडखळत असेल तर घरी कोणीतरी किंवा काहीतरी आधी वाजवून दाखवतंय.

## टप्पा ७: दोन आवाज आणि पाच रेघांची लिपी

एक आवाज स्थिर झाल्याशिवाय इकडे येऊ नका. पहिलं पाऊल सोपं आहे: एक गट नुसता सा धरतो, दुसरा ओळ वाचतो. मग तीच ओळ दुसऱ्या गटाने एक आवर्तन उशिरा सुरू करायची. पाच स्वरांच्या भूपातल्या ओळी यासाठी उत्तम, कारण त्यांत अर्धस्वराची टक्कर होत नाही.

चर्चच्या गायनवृंदात किंवा पाश्चात्त्य पद्धतीच्या स्पर्धेत गाणाऱ्या मुलांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांची लिपी, लागतं. मुलांना स्वरांची इंग्रजी नावं पाठ करायला लावून सुरुवात करू नका. सा कुठल्या रेघेवर आहे एवढं सापडलं की बाकीचं त्यांना येतं. मेजरमधल्या (शुद्ध स्वरांच्या) रचनेत पट्टीच्या खुणांमध्ये शार्प (♯) असतील तर सगळ्यांत उजवीकडचा शार्प म्हणजे नि, त्याच्या वरचा सा. फ्लॅट (♭) असतील तर सगळ्यांत उजवीकडचा फ्लॅट म्हणजे म, तिथून खाली मोजत सा. एकही खूण नसेल तर पांढरी एक हाच सा.

म्युझस्कोअर हे संगणकावर चालणारं मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे. त्यात दोन्ही आवाज लिहा. मुलांनी आपला भाग आधी कोरा वाचायचा. त्यानंतरच मिक्सरमध्ये मुलाचा स्वतःचा भाग बंद ठेवून बाकीचा वाजवा, मूळ लयीच्या साधारण दोन तृतीयांश वेगाने, आणि मुलाला वर गाऊ द्या. बहुतेक ठिकाणी याच्या नेमकं उलट होतं: मुलाला त्याचाच भाग मोठ्याने ऐकवला जातो. मग एकत्र गाताना शेजारचा आवाज ऐकू आला की तो भाग सुटतो.

तयार ओळी हव्या असतील तर साइट रीडिंग फॅक्टरी ताल, पट्टी आणि काठिण्य निवडून नव्या ओळी बनवून देते. त्याला पैसे पडतात, पण शिक्षकाचं एक खातं घेऊन ओळी वर्गात पडद्यावर दाखवता येतात. म्युझिकथिअरी डॉट नेटवरचे स्वर ओळखण्याचे सराव मोफत आहेत. ते डोळ्यांचं काम पक्कं करतात, गळ्याचं नाही, म्हणून दिवसाला पाच मिनिटांच्या वर देऊ नका.

## दोन महिन्यांनी

सुरुवातीच्या चाचणीची नोंद काढा. त्याच काठिण्याची पण नवी ओळ द्या, तेच ३० सेकंद, तीच पट्टी. लय टिकून दोन-तीन स्वर चुकत असतील तर पुढच्या पायरीवर जा. स्वर बरोबर पण मूल थांबत थांबत गात असेल तर पुढे जाऊ नका. आठ दिवस टप्पा २ पुन्हा घ्या, त्याच पायरीच्या नव्या ओळींवर, मिनिटाला ५० ठोक्यांनी.

यानंतर समारंभाचं गाणं बसवताना रेकॉर्डिंग पाठवू नका. आधी फक्त स्वरलिपी द्या, शब्दांची ओळ झाकून. दोन दिवस मुलांना ती स्वरांच्या नावांनी वाचू द्या, तिसऱ्या दिवशी आकारात (नुसत्या ‘आ’वर), चौथ्या दिवशी शब्द. रेकॉर्डिंग पाचव्या दिवशी पाठवा, मुलांनी स्वतः बसवलेलं पडताळून पाहण्यासाठी.